मोर्चा आणि माशाचे हृदय

माझे जुने सहकारी आजही सांगतात, की नामांतराच्या मोर्च्याने प्रयोगशाळेतले टेबल हादरले, म्हणून कॅमेऱ्याच्या यंत्राने माशाच्या भ्रूणाचे ठोके दुप्पट मोजले. हे साफ खोटे आहे. दुसऱ्या दिवशी शहरात बंद होता. मी मुकुंदवाडीहून पायी आलो, वाटेत शुकशुकाट होता, तरी आकडा दुप्पटच आला. पडद्यावर आखलेल्या चौकटीत हृदयाचे दोन्ही कप्पे येत होते आणि यंत्र दोन्हींचे आकुंचन वेगवेगळे मोजत होते. मी चौकट एकाच कप्प्यावर आणताच आकडा डोळ्यांनी मोजलेल्या ठोक्यांशी जुळला.

"म्हणजे मोर्चा निर्दोष म्हणायचा?" विभागप्रमुख हसले.

"साहेब, अहवालातला मोर्च्याला दोष देणारा तो शेरा आधी खोडा."

त्यांनी तो खोडला. सहकाऱ्यांच्या तोंडचा मात्र अजून खोडायचा राहिला आहे.