कासवाची उलटी बाजू

भिंगरीचं बूड एका जागी टेकलेलं कुणी पाहिलं नाही. जेवायला बसला तरी एक गुडघा हलत असायचा आणि शेजारच्याच्या पेल्यातलं पाणी थरथरायचं. आईनं ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण ते आता फक्त बँकेत चालतं. बाकी सगळीकडं भिंगरी.

असा माणूस बसून करायच्या धंद्यात पडला, हीच मुळात गंमत. कॉम्प्युटरवर चालणारी भरतकामाची मशिनं असतात. त्यांना चित्र कळत नाही. सुई कुठं टोचायची, कुठून वळवायची, दोरा कुठं तोडायचा, हे टाक्याटाक्यानं सांगावं लागतं. ते सांगणारी फाईल बनवायची, हा भिंगरीचा उद्योग. आधी तो एका कारखान्यात असली मशिनं चालवायचा. मालकाशी वाजलं तेव्हा "माझं नाव मी करीन" म्हणून बाहेर पडला. मालक नुसता हसला. ते हसू भिंगरीच्या अंगात कुसळासारखं रुतून राहिलं.

नाव करायचं कुठं, तर इंटरनेटवरच्या कामाच्या बाजारात. तिथं जगभरची गिऱ्हाइकं कामं टाकतात आणि जगभरचे कारागीर त्यांवर तुटून पडतात. तुम्ही कोण, कुणाचे, कुणी विचारत नाही. काम झालं की गिऱ्हाईक पाचापैकी तारे देतं आणि दोन ओळी लिहितं. तीच तुमची अब्रू. पण ताऱ्यांशिवाय काम नाही आणि कामाशिवाय तारे नाहीत. वेड गेल्याशिवाय लग्न नाही नि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातली गत.

सुरुवातीला भिंगरीनं पडेल ते काम पडेल त्या भावात उचललं. कुत्र्यांची तोंडं, टोपीवरची अक्षरं, कुण्या न्हाव्याची कात्री. मग त्याला एक अक्कल सुचली. बाकीचे कारागीर पडद्यावरचं चित्र दाखवून मोकळे व्हायचे, आणि पडद्यावर सगळंच गोजिरं दिसतं. भिंगरी फाईल खरोखर कापडावर भरून बघायचा आणि दोन फोटो पाठवायचा, एक सुलट बाजूचा, एक उलट. भरतकाम कळणारा माणूस आधी उलटीच बघतो. गिऱ्हाइकं लिहू लागली, 'हा मागची बाजू दाखवतो.' तारे पडत गेले. पाचाखाली एकानंही दिले नाहीत.

मशीन मात्र थोरल्या बहिणीचं. अक्काचं शिवणकामाचं दुकान होतं. पुढच्या खोलीत ती मापं घ्यायची. मागच्या खोलीत गणवेशाचे बिल्ले भरायचं जुनं मशीन आणि त्याला खेटून भिंगरीचा कॉम्प्युटर.

आता बाजारवाले त्याला 'अव्वल' ठरवायच्या बेतात होते. नावापुढं तो शिक्का लागला की कारागीर पहिल्या पानावर दिसतो, नाहीतर मागं कुठंतरी कोपऱ्यात खितपत पडतो. आठवड्याअखेर तपासणी होती. तोवर पाचाला एक तारा कमी पडूनही चालणार नव्हतं. भिंगरीला ना अन्न गोड लागत होतं ना झोप. उठसूट पान उघडून बघायचा.

अशात मांजरवालीचा निरोप आला. फोटोच्या जागी मांजर लावलेली ही बाई पोहायच्या शाळेसाठी शर्ट बनवायची. तिला छातीवर कासव हवं होतं. भिंगरीनं पाठवलेल्या फाईलवर तिनं शर्ट भरले होते, आणि आता लिहिलं होतं, 'हे कासव नाही, चुरगळलेलं पायपुसणं आहे. एक तारा देऊ की तोही नको?'

भिंगरीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं शर्टाच्या उलट्या बाजूचा फोटो मागवला. आला. बघितला आणि टाळी वाजवत पुढच्या खोलीत गेला.

"अक्का, हिनं कापडाखाली कागदच लावला नाही. आधाराला कागद नको? चोर तो चोर, वर शिरजोर."

अक्का बाही उसवत होती. "मग?"

"मग काय, सुनावतो चांगलं."

"सुनाव. तारे कोण देणार आहे, ती का मी?"

भिंगरी दारापर्यंत जाऊन परत आला.

"माझ्याकडं कपडा परत येतो तेव्हा मी काय करते?" अक्कानं विचारलं.

"टेप काढतेस."

"आणि तोंड?"

"मिटतेस. घरी मात्र उघडतेस."

"घरी दाजी आहेत म्हणून. गिऱ्हाइकाला तुझं पोट सुटलं असं सांगतात का? माप परत घ्यायचं. कधीकधी पोट सुटलेलं नसतंय, टेप धरणारीच चुकलेली असते."

"मी चुकलो नाही. भरून बघितलंय मी."

"कशावर?"

त्यानं चिंधी दाखवली. अक्काच्या टोपलीतलं पँटचं जाड कापड. अक्कानं बोटांत धरून ओढलं. तसूभरही हललं नाही. मग तिनं त्याच्या फोनवरच्या फोटोतल्या शर्टाकडं बघितलं. ताणलं की रबरासारखं लांबणारं पातळ होजिअरीचं कापड.

"कापड कुठलं ते आधी विचारून घ्यावं लागतं बाबा," एवढं म्हणून ती परत बाहीकडं वळली.

भिंगरी इरेला पेटला. बाईचीच चूक दाखवायची म्हणून त्यानं दाजींचा जुना टी-शर्ट उचलला.

"दाजी शोधतील."

"शोधू दे. तेवढाच त्यांना उद्योग."

पहिलं कासव त्यानं मुद्दाम कागदाशिवाय भरलं. गोळा झालं, अगदी पायपुसणं. भिंगरी खूश. दुसरं कागद लावून भरलं. फ्रेममधून काढलं, हातानं सपाट केलं. पाठीच्या कडेनं चुण्या. इस्त्री फिरवली. चुण्या तिथंच. फाईलमध्येच टाके दाटले होते. जाड कापडानं ते पोटात घातले होते, पातळ कापडानं ओकले.

त्यानं दुसरी चिंधी खिशात कोंबली. पहिलीचा फोटो पाठवला की झालं. कागद नव्हता हे बाईला दिसेल आणि तिचं तोंड बंद होईल. लिहायलाही घेतलं. 'आपण कागद लावला नसल्यामुळे.' पुसलं. खोलीत तीन येरझाऱ्या घातल्या. ती उद्या कागद लावणार, परत भरणार, आणि परत चुण्या आल्या की मग? झाकली मूठ उद्या दुपारपर्यंतच झाकलेली राहणार.

शिव्या घालत तो खुर्चीवर बसला. पाठीतले टाके विरळ केले, त्यांची दिशा फिरवली, खाली आडव्या टाक्यांचा पाया घातला. दाजींच्या टी-शर्टाची बाहीही गेली, पण कासव सपाट बसलं. मग खिशातली चिंधी काढून तिन्हींचे सुलट-उलट फोटो पाठवले. खाली लिहिलं, 'पहिलं कागदाशिवाय, तुमच्यासारखं. दुसरं कागद लावून, तरी चुण्या, चूक माझी. कापड विचारायला हवं होतं. तिसरं नवीन फाईलचं, कागद लावून.'

उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भिंगरीनं दुकान झाडलं, मशीनला तेल दिलं, रिळं रंगावार लावली, धार असलेल्या कात्र्यांना परत धार लावली.

"आता मलाच लावायची राहिली," अक्का म्हणाली.

तपासणीच्या आदल्या दिवशी निकाल आला. चार तारे. 'दुसऱ्या खेपेला जमलं.'

"चार," भिंगरी म्हणाला. "शिक्का गेला. एवढं राबून, खरं सांगून, चार. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड."

"दुसऱ्या खेपेला जमलं, हे खोटं आहे का?"

"नाही. पण लिहायची काय गरज होती?"

तेवढ्यात फोन वाजला. मांजरवालीचाच निरोप होता. आता टोप्यांवर शिट्टी भरायची होती, शिवाय टॉवेलांवर तेच कासव. काम भिंगरीलाच द्यायचं म्हणत होती.

"बघ की," भिंगरी म्हणाला, "चार देते आणि वर कामही देते. कसली बाई ही?"

"पाच देऊन गेलेल्यांतली परत किती आली?"

भिंगरीनं मनातल्या मनात कुत्र्यांची तोंडं, अक्षरं, न्हावी, सगळ्यांवरून एक फेरी मारली. एकही परत आलेलं नव्हतं. अजून डोकं तापलेलं होतं. बाईला जरा ताटकळू द्यावं असं म्हणून फोन पालथा ठेवला, दारापर्यंत गेला, परत आला, उचलला आणि उभ्याउभ्याच लिहिलं, 'टॉवेल कसला? केसाळ की सपाट? आधी फोटो पाठवा.'