आगोट होऊ दे

मानसीचा फोन आला तेव्हा मी सकाळच्या पाळीला निघाले होते, चपला घालून दारातच उभी होते. "मावशी, आई गेली," ती म्हणाली. आणि मग, "रात्री मूग भिजत घातलेत. त्यांचं काय करू?" पाणी काढून टाक, फडक्यात बांधून ठेव, मी येतेच आहे, असं मी तिला सांगितलं. पुढे ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यांनी तोंडावर हात ठेवला. मला मात्र तिचा प्रश्न त्या क्षणीही विचित्र वाटला नाही. ती रंजनाची मुलगी आहे. अठरा वर्षं तिनं आईकडून तेच ऐकलं होतं. काहीही झालं तरी भिजवलेलं वाया जाऊ द्यायचं नाही.

त्याला आता सहा आठवडे झाले. रंजना आणि मी बोईसरला औषधांच्या एका कारखान्यात, पॅकिंग खात्यात, एकवीस वर्षं समोरासमोर बसलो. आमच्या खात्यात बहुतेक बायका लहान मुलांच्या आया. सातची पाळी म्हणजे घरून सहाला निघायचं, त्याआधी डबे, पाणी, मुलांचे गणवेश. त्यातल्या तरुण मुलींनी मला गळ घातली की रंजनाताईंच्या सगळ्या युक्त्या एकदा लिहून काढा, पेपरच्या पुरवणीत द्या, आमच्यासारख्या आणखी कितीतरी असतील. मी हो म्हटलं. लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, तासाभराचं काम आहे.

युक्त्या होत्याही तशाच, सरळ. रविवारी ओलं खोबरं, कोथिंबीर, लसूण, मिरचीचं वाटण करायचं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं. एका कालवणाला दोन वड्या. मासळी आणली की त्याच दिवशी साफ करून, मीठ-हळद लावून, एका जेवणाची एक अशी पाकिटं करायची. सगळी एकत्र गोठवली की एका तुकड्यासाठी अख्खा गोळा वितळवावा लागतो. तांदूळ रात्रीच मोजून कुकरच्या भांड्यात काढून ठेवायचा, म्हणजे सकाळी घरातला कोणीही, अगदी नवराही, धुऊन लावू शकतो. गणवेश, मोजे, रुमाल एकाच खुंटीला एकाच पिशवीत. मुलांना "काय खाणार?" असं कधी विचारायचं नाही. यावरून आमच्या खात्यात एकदा मोठी हसाहस झाली होती. नवीन आलेली एक मुलगी रडकुंडीला येऊन सांगत होती, "दीदी, मेरा लड़का रोज टिफिन वापस लाता है।" रंजना हातातलं काम न थांबवता म्हणाली, "उसको पूछने का नाय क्या खाएगा. दो चीज दिखाने का, बोलने का इसमें से कौनसा. नवरे को भी वैसाच करने का." मुलगी म्हणाली, "और दोनों नहीं खाया तो?" "तो दोनों तू खा. सूख गयी है बोंबील के माफिक." महिन्याभरात त्या मुलाचा डबा रिकामा यायला लागला. मुलगी पुढे दुसऱ्या कारखान्यात गेली तरी दर दिवाळीला रंजनाला फोन करायची.

रंजनाचं माहेर सातपाटीचं, घरची होडी. तिची आई टोपली घेऊन पालघरच्या बाजारात बसायची. घर सांभाळायला मागे ही, नऊ वर्षांची, आणि दोन धाकटे भाऊ. या सगळ्या युक्त्या तिथं घडल्या. "आय दुपारी घरी यायची तेव्हा तिला फकस्त बसायला पायजे होतं," ती सांगायची. "तेवडंच मी बघायची. बाई घरात नसली तरी घर चाललं पायजे." हे तिचं आवडतं वाक्य. आमच्यातल्या प्रत्येकीनं ते कधी ना कधी आपापल्या सासूला ऐकवलं असेल. मीही ऐकवलंय.

गेल्या वर्षी एप्रिलच्या मध्यावर, कपडे बदलायच्या खोलीत, सगळ्या बाहेर गेल्यावर तिनं मला थांबवलं. "वैशे, जरा हात लावून बघ." डाव्या छातीत, काखेच्या बाजूला, चिंचोक्याएवढी गाठ होती. कडक. दाबली तरी जागची हलत नव्हती. मी म्हटलं, "आज सुटल्यावर डॉक्टर." ती म्हणाली, "दाखवून झालं. फोटो पण काडला. मुंबईला जा बोलतात, तुकडा काडून तपासायला." "मग कधी जातेस?" "जाते ना. आगोट होऊ दे."

आमच्याकडे राहिलेल्यांना आगोट सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. पावसाळ्यात होड्या बंद, भाजी महाग, ऊन नाही. म्हणून एप्रिल-मे मध्ये चार महिन्यांचं सगळं भरून ठेवायचं. सुके बोंबील, सुकट, सोडे अशी सुकी मासळी. मिरच्या वाळवून, देठं काढून, भाजून, डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, कुटून आणलेला वर्षाचा मसाला. तांदळाला एरंडेल लावून ठेवायचं. पापड, कांदे, चिंच. आता बोईसरला बारा महिने सगळं मिळतं, हे मलाही कळतं. पण ज्या बाईची आगोट झाली नाही तिला आमच्याकडे अजूनही पावसाळाभर टोचून विचारतात. आणि रंजनाची आगोट म्हणजे आमच्या खात्याचं प्रदर्शनच असायचं. तिनं वर्षभर एकही रजा न घेता मे महिन्यासाठी दहा दिवस साठवले होते. मुंबईच्या फेऱ्यांत ते गेले असते.

इथं मी काय केलं ते लिहायला हवं, कारण युक्त्यांच्या यादीत ते येणार नाही. मी तिला ओढत नेलं नाही. किशोरला, तिच्या नवऱ्याला, फोन केला नाही. तो दुसऱ्या कारखान्यात फिटर आहे, साधा माणूस, त्याच दिवशी रजा टाकून तिला घेऊन गेला असता. "त्याला बोलू नको हां," ती म्हणाली, "तो हातपाय गाळतो. आन मानसीची सीईटी हाय." मी मनात आठवडे मोजले. सात आठवडे. गाठ बारीक आहे, दुखत नाही, सात आठवड्यांत काय होतंय... आणि मी व्यवहारी बाईसारखी तिला मुदत घालून दिली. "बरं, पण सात जूनच्या आत. नाहीतर मी स्वतः किशोरला सांगेन." ती हसली. "सात जून. पक्कं." दोघींनाही बरं वाटलं. काम वेळापत्रकात बसलं की आम्हाला दोघींनाही नेहमीच बरं वाटायचं.

मग मीच तिच्याबरोबर सातपाटीला गेले, बोंबील आणायला. वाळवायच्या मांडवावरून उतरवलेले, कडकडीत, पांढरे. ती एकेक मोडून आवाज ऐकून घेत होती. विकणारी तिची चुलतवहिनी, ती ओरडली, "अगो रंजने, मोडून मोडून भुगा करशील माझा!" रंजना म्हणाली, "तुजा भुगा कराला दोन होड्या लागतील गो वयनी." दोन्ही पिशव्या मी उचलल्या. तिनं उचलू दिल्या. एरवी ती कधी देत नसे. तेव्हा मला ते कळायला हवं होतं.

सात जूनचा शब्द तिनं पाळला. पाच तारखेलाच मुंबईला गेली. डबे भरून, प्रत्येकावर चिठ्ठी लावून, स्वयंपाकघराचा माळा धुऊन मग गेली. तोवर काखेतही गाठी आल्या होत्या. पुढच्या तपासण्या झाल्या आणि आजार यकृतापर्यंत पोचल्याचं सांगितलं. किशोर इस्पितळाच्या जिन्यात बसून मला म्हणत होता, "वहिनी, मला काय कळलंच नाय हो. सगळं टायमावर होत होतं. डबा टायमावर, कपडे टायमावर. मी कशाला शंका घेऊ?" मी उठले. त्याच्यासाठी चहा आणला.

जुलैत औषधं सुरू झाली आणि त्या घरात एक गोष्ट घडली, जिचा आम्ही कोणीच विचार केला नव्हता. तिला सुक्या मासळीचा वास सहन होईना. पहिल्या इंजेक्शननंतर चौथ्या दिवशी मानसीनं तव्यावर चार बोंबील भाजले, आईला तोंडाला चव येईल म्हणून. रंजना दोन दिवस ओकत होती. त्यानंतर त्या घरात सुकी मासळी शिजली नाही. मसाल्याचा डबा उघडला तरी ती तोंड फिरवायची. किशोरनं बेटेगावच्या एका बाईकडून डबा लावला. दुधी, डाळ, पोळ्या. संपूर्ण पावसाळा ती माणसं डब्याचं जेवली आणि माळ्यावर चार महिन्यांची आगोट भरलेली होती. मी दर रविवारी जायची. ती पडल्या पडल्या माळ्याकडे बघायची. एकदा म्हणाली, "वैशे, सुकटीला ऊन दाखवायला पायजे. सांग ना मानसीला." मी हो म्हटलं आणि सांगितलं नाही. कोण उघडणार होतं ते डबे, तिच्या देखत?

मुंबईच्या डॉक्टरांना मी विचारलं नाही की सात आठवडे आधी आलो असतो तर काय झालं असतं. दोनदा तोंडाशी आलं होतं. कोणी म्हणतं, काही फरक पडला नसता, तिचा आजारच तसला. असेलही. मी ते मान्य करून झोपायचा प्रयत्न करते.

तेरावं झाल्यावर मानसी आणि मी माळा उतरवला. बोंबलांचा भुगा झाला होता, सुकटीला जाळी धरली होती, सोड्यांच्या बरणीत किडे. चिठ्ठ्या मात्र जशाच्या तशा, रंजनाच्या ठसठशीत अक्षरात. सगळं गोणीत भरलं आणि मी माकुणसारला आमच्या वाडीत नेलं. सुकी मासळी नारळाला चांगली, वाया जात नाही. आळ्यात घालून माती ओढली. कुत्र्यांनी दोन दिवस उकरलं.

हा लेख छापून यायच्या आधी मानसीला सांगणं भाग होतं. तिनं पेपरात वाचावं, हे बरं नव्हे. म्हणून गेल्या रविवारी गेले. ती आता पालघरच्या कॉलेजात जाते, घर तीच बघते. बेटेगावचा डबा तिनं बंद केलाय. मी गेले तेव्हा ती तांदळाच्या भाकरीसाठी पिठाची उकड काढत होती. किशोर पाळीला गेला होता. मी ओट्याशी उभी राहून, फार न लांबवता, सांगितलं. एप्रिलपासून मला माहीत होतं. मी मुदत दिली. तुझ्या बाबांना सांगितलं नाही.

ती परातीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही मला जा म्हणेल, आणि म्हणाली असती तर मी गेले असते.

"मी मिरच्या निवडत होती तिच्यासोबत," ती शेवटी म्हणाली. "मे महिन्यात. तिचा डावा हात वर जायचा नाय. डबा माळ्यावर चढवायचा तर मला हाक मारायची. मी विचारलंच नाय, मावशी. मला माझा पेपर होता..." मग म्हणाली, "मला वाटायचं फक्त मलाच दिसलं."

मी तिला "तुझी काय चूक" असं म्हटलं नाही. तिनंही मला म्हटलं नाही. आम्ही दोघी तिथंच खाली बसलो, फरशीवर, बराच वेळ. बाहेर कोणाच्या तरी गच्चीवर यंदाच्या मिरच्या वाळायला पडल्या असाव्यात, शिंका येत होत्या. मग मानसी उठली. पीठ पार गार झालं होतं. तांदळाची उकड गरम असतानाच मळायची असते, गार झाली की भाकरी कडेनं चिरते. हे तिला कोणी शिकवलं ते सांगायला नको. तिनं हात ओला केला आणि तशीच थापायला घेतली. पहिली चिरली. दुसरीही चिरली. मी तवा सांभाळला. चिरलेल्याच भाकऱ्या आम्ही दोघींनी खाल्ल्या, आणि दोन किशोरसाठी झाकून ठेवल्या.