गयामावशी बंद होईना

चहा उकळंस्तोवर एक किस्सा सांगतो. पण आधी कबूल करा, माझ्या बायकोसमोर हा पुन्हा काढायचा न्हाई. तिला त्या दिवसाचं नाव काढलं तरी हसू येतं अन मला घाम फुटतो.

घरात यंत्रं बसवायचा माझा नाद तुम्हाला ठाऊकच आहे. आमचा पंखा मोबाईलवर चालतो. दिवाणखान्यातला दिवा टाळी वाजवली की लागतो, पुन्हा वाजवली की विझतो. म्हणून आमच्याकडं आरती बिनटाळ्यांची होते. रेखा, म्हणजे आमची बायको, म्हणती, तुम्हाला नोकरी बियाण्याच्या कंपनीत कशी काय लागली, तुम्ही तर वायरी पेरता.

आमची गल्ली जुन्या जालन्यातली. नळाला रोज पाणी येणं हे आम्ही दुसऱ्या गावाबद्दल ऐकतो. आमच्याकडं कधी आठवड्यानं येतं, कधी त्याच्याही पुढं, अन कोणत्या टायमाला येईल ते पाणी सोडणाऱ्यालाच माहीत. गल्लीच्या तोंडाशी गयामावशीचं घर. पाणी पहिलं तिच्या तोटीला यायचं. मंग ती पदर खोचून ओट्यावर उभी राहायची अन जो आवाज टाकायची, "पाणी आलं गं बायांनोऽऽ, उठा जल्दी!" गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला निजलेला माणूस उठून बसायचा.

आम्ही पोरं त्या आवाजावरच वाढलो. हंडे, कळशा, बादल्या, तेलाचे डबे, हाताला येईल ते घेऊन पळायचं. शेजारच्या रफीकची बादली आमच्या नळाखाली अन आमची कळशी त्यांच्या. सकाळी भांडलेल्या बाया संध्याकाळी एकाच तोटीवर वाकून हसायच्या. पाणी आलं की शाळेला दांडी, अन गुरुजींनाही ते कारण चालायचं, कारण तेही घरी पाणीच भरत असायचे. आता ते दिवस आठवले की करमत न्हाई बघा.

पुढं घरोघरी हौद झाले, मोटारी आल्या. आवाज तेवढा मावशीचाच राहिला. पण तिचे गुडघे धरले. ओटा उतरायचं म्हणलं की दोनदा भिंतीला हात लावायची. मला वाईट वाटायचं. अन मला वाईट वाटलं की मी काहीतरी ऑनलाईन मागवतो.

मागवला सेन्सर. नळाच्या पाइपाला बसवायचा, आत काही सरकलं की मोबाईलला कळतं अन गच्चीवरचा भोंगा वाजतो. पहिल्यांदा नुसती पीप-पीप ठेवली. लोकांना वाटलं, गल्लीत कोणाची तरी गाडी मागं येऊन राह्यली. कोणी घागर उचलंना. मंग मला ती भारी कल्पना सुचली. म्हणलं, मावशीचाच आवाज भरावा.

मावशी रेकॉर्डिंगला नवं लुगडं नेसून आली. केस विंचरलेले, डोक्यावर पदर. म्हणलं, "मावशी, फोटो न्हाई काढायचा." ती म्हणाली, "असू दे. आवाज बराबर निघतो." एका दमात तिनं आरोळी ठोकली. मंग माझ्याकडं बोट करून म्हणाली, "सुन्या, एक ध्यानात ठेव. आजवर माझ्या तोंडून खोटं पाणी आलं न्हाई. तुझ्या डबड्यानं माझं नाव घालवायचं न्हाई."

"बिलकुल न्हाई, मावशी," मी म्हणलो. काय पण ऐट होती माझी.

पहिल्या खेपेला सगळं झकास झालं. मावशी घरात बसून पान खात होती अन भोंग्यातून तिचाच आवाज गल्लीभर. लोकांनी माझी पाठ थोपटली. मी दोन दिवस तरंगत होतो.

दुसऱ्या खेपेला भर दुपारी भोंगा वाजला. रफीकभाई अर्ध्या गालाला फेस लावून बाहेर आले. रेखानं तव्यावरची भाकरी तशीच टाकली. सगळ्यांनी तोट्या उघडल्या तर नुसतं फुस्स. पाइपात हवा भरली होती. माझ्या सेन्सरला हवा अन पाणी सारखंच.

आता लोकांनी कोणाला बोलावं? मला? छे. सगळ्यांच्या कानात आवाज मावशीचा. समोरच्या काकू तिच्या दारात जाऊन म्हणाल्या, "मावशी, अशी चेष्टा करतात व्हय?" मावशीच्या हातात घास तसाच. "मी कुठं वरडले गं?" पुढच्या दिवसांत असं अजून दोनदा झालं. मंग कोणीतरी बोललं, "मावशीचं आता वय झालं." ते तिच्या कानावर गेलं.

ती माझ्याकडं आली. भांडली असती तर बरं झालं असतं. "सुन्या, लोक आता मी बोलले की आधी एकमेकांकडं बघतात," एवढंच म्हणाली अन गुडघा धरत निघून गेली. मला जेवण गेलं न्हाई.

मंग मी काय केलं? शहाणा माणूस भोंगा काढून भंगारात देतो. मी गल्लीचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. त्यावर लिहिलं, आवाज आला तरी कोणी उठू नका, खरं-खोटं मी तपासून कळवतो, माझा मेसेज आला तरच तोटी उघडा. आता सांगा, ज्या गल्लीत पाणी आलेलं डोळ्यांना दिसतं, तिथं मी मेसेजची वाट बघायला लावलं.

त्या रविवारी रेखाच्या माहेरची मंडळी शहागडहून जेवायला येणार होती. सासरे गोदावरीकाठचे, पाण्यात वाढलेले. अन आमच्या हौदाचा तळ दिसत होता. रेखा सकाळपासून तोटीकडं बघून राह्यली.

अकराच्या सुमाराला आवाज आला, "पाणी आलं गं बायांनोऽऽ!"

रेखा उठली. मी हात आडवा धरला. "थांब, मशीन आहे." मोबाईल उघडून भोंगा बंद केला. स्क्रीनवर स्पष्ट आलं, बंद. अन आवाज चालूच. "उठा जल्दी!"

मी ग्रुपवर टाकलं, "खोटं आहे, दुर्लक्ष करा." सगळ्यांचे अंगठे आले.

"अहो, तोटी उघडून बघा की," रेखा म्हणाली.

"तोटी कशाला? अॅपवर दिसतंय ना."

वायफायचा डबा बंद केला. आवाज चालू. घराचं मेन बटण पाडलं. आवाज चालूच, उलट जास्त चिडलेला. मला काही सुधरंना. गच्चीवर गेलो अन भोंगा खिळ्यासकट उपटला. वायरी लोंबणारा तो भोंगा माझ्या हातात, अन मावशी वरडतीच आहे, आता तर माझ्या नावानं. "सुन्याऽऽ, मुडद्या, पाणी आलंय!"

खाली वाकून बघितलं. दारात मावशी उभी होती. सगळी गल्ली तुडवत आल्ती, त्या गुडघ्यांनी. हातात भरलेली कळशी.

मी जिना उतरताना मोबाईल हातातून सुटला तो थेट हौदात. हौद कोरडा होता म्हणून वाचला, पण काढायला कोणाला वेळ? तसाच गल्लीत पळालो, "पाणी आलं, पाणी आलं!" करत. रफीकभाईंनी खिडकीतून मला शांतपणे बघितलं. "पहले ग्रुप पे कन्फर्म आने दो, सुनीलभाई."

त्यांना पटंस्तोवर नळ गेला. अख्ख्या गल्लीत पाणी कोणाकडं, तर एकट्या गयामावशीकडं. तिनं स्वतःची भरलेली टिपाडं उघडली अन घरटी दोन-दोन कळशा दिल्या, कोणाला टोमणा न मारता. समोरच्या काकूंनी तिचे पाय धरले. सासऱ्यांना पण पाणी तिचंच मिळालं. ते मला म्हणाले, "जावईबापू, पुढच्या टायमाला येताना गोदावरी घेऊन येऊ का?"

सगळ्यात शेवटी माझा नंबर आला. मी मान खाली घालून कळशी पुढं केली. मावशीनं पाणी ओतलं अन विचारलं, "झाले का रे मी बंद?"

तिचं नाव पुन्हा जागेवर आलं. माझं अजून यायचंय.

आता मावशी बदनापूरला लेकीकडं राहती. सेन्सर मी काढला, पण तो आवाज काही पुसवला न्हाई माझ्याच्यानं. तिच्या नंबराला रिंगटोन म्हणून लावून ठेवलाय. ती फोन करती तेव्हा दोन घटका सगळी गल्ली जागी झाल्यासारखी वाटते.

परवा दुपारी जरा डोळा लागला होता. "पाणी आलं गं बायांनोऽऽ!" मी ताडकन उठलो, हौदाचं झाकण सरकवलं अन मोटार लावली. मोटार कोरडीच घरघरायला लागली. रेखानं फोन आणून माझ्या कानाला लावला.

"काय रे सुन्या," मावशी तिकडून म्हणाली, "फोन उचलायला येवढा टाइम? काय करून राह्यलास?"

म्हणलं, "काही न्हाई मावशी. तोटी उघडून बघत होतो."