मेडशीत न उघडणारे फोटो

मुलीच्या लग्नाचे फोटो हातात आले, तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं की ते कुठल्याही कंपनीच्या हवाली करायचे नाहीत. आपल्याच घरी सर्व्हर करायचा आणि नातेवाइकांनी जिथे असतील तिथून पाहायचे. मी अकोल्याकडच्या मालेगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात पंचवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो. एवढ्या वर्षांत माझं शास्त्र घरात इस्त्रीची वायर बदलण्यापलीकडे कामी आलेलं नव्हतं. त्यामुळे ही संधी सोडायची नाही, असं मी ठरवलं.

जुना संगणक राउटरशेजारी स्टुलावर मांडला. चार रविवार गेले. बाहेरून कोणी आलं तर राउटरने त्याला थेट या संगणकाकडे पाठवावं, अशी व्यवस्था केली. राउटरच्या सेटिंगच्या पानावर आमच्या कनेक्शनचा आकड्यांचा पत्ता दिसत होता, तो मोबाइलमध्ये टाकला आणि फोटो उघडले. बायकोच्या मोबाइलवरही उघडले.

"झालं ना आता? मंग तो मेथीच्या वाफ्यातला पाइप पाहा," ती म्हणाली.

मी आधी नातेवाइकांच्या ग्रुपवर पत्ता आणि पासवर्ड टाकला. खाली लिहिलं, 'आपल्या स्वतःच्या सर्व्हरवरून.' पुण्याच्या मामेभावाचं लगेच उत्तर आलं, 'अप्रतिम!' नागपूरच्या साडूंनी लिहिलं, 'एक नंबर.' अकोल्याच्या मामींनी सात वेळा हात जोडले. फक्त मेडशीच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, दोनच शब्द लिहिले. 'उघडत नाही.'

मोबाइल बंद करून चालू करा, असं मी कळवलं. पुन्हा 'उघडत नाही.' तिसऱ्यांदा तेच आल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. मी सगळ्यांदेखत लिहिलं, 'बाकी सर्वांना दिसत आहेत. दोष तुमच्याच मोबाइलमध्ये असावा.'

जावयाला चारचौघांत असं बोलायचं नसतं, हे भौतिकशास्त्रात येत नाही. दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला.

"काहून रे, तू त्यायले बंद करून ठेवलं काय?"

"अगं, एकट्याला बंद करता येत नाही."

"मले नको सांगू. ते म्हनतात, मंडपात खुर्ची मांगच्या रांगेत देल्ली, आता फोटोबी दाखवत नाई."

चार दिवसांनी भाऊजी स्वतः एसटीने आले. चहालाही हात लावला नाही. मोबाइल काढून माझ्यासमोर धरला आणि पत्ता उघडला. फोटो झळकन समोर आले. लग्नाच्या धांदलीत त्यांना आमच्या वायफायचा पासवर्ड दिला होता, त्यामुळे घरात पाय टाकताच त्यांचा मोबाइल जोडला गेला होता. पण हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी म्हणालो, "बघा, दिसतात की!" भाऊजींनी चार फोटो पाहिले, मोबाइल खिशात टाकला आणि परतीची गाडी धरली.

संध्याकाळी मेडशीहून फोन. "मास्तर, समोर असलो का दार उघडं अन् पाठ फिरली का कुलूप. असा मान नाई पाहिजे मले."

रविवारी मी मोटारसायकलने मेडशी गाठली. भाऊजी अंगणात पोत्यांवर बसले होते. मी त्यांचा मोबाइल घेतला आणि पत्ता टाकला. गोल फिरत राहिला. मग मोबाइलने कळवलं की तिथपर्यंत पोहोचता येत नाही.

"आता माझा पाहा," मी ऐटीत म्हणालो आणि माझा मोबाइल काढला. त्यावरही गोल फिरत राहिला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. तेव्हा लक्षात आलं. बाहेरून दिसावं म्हणून चार रविवार घातले होते, पण घराबाहेर जाऊन एकदाही पाहिलं नव्हतं.

भाऊजींनी वाकून माझ्या मोबाइलमध्ये पाहिलं. मग त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "तुमालेबी बंद केलं काय कोनं?"

मग पुण्याला कसे दिसले? मी तिथूनच मामेभावाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"फोटो पाहिलेस ना?"

"पाहिले की! अप्रतिम!"

"कोणता आवडला?"

"तो… सगळ्यांचा एकत्र."

"खरं सांग, उघडले होते?"

"अरे, राहूनच गेलं बघ. पण छानच असणार ना!"

साडूंचंही तेच निघालं. मामींनी तर देवाचा फोटो असेल म्हणून न उघडताच हात जोडले होते.

"हे मात्र रोज पाहत होते," बहीण दारातून म्हणाली. "रेंज नसंल म्हनून गच्चीवर गेले. मंग एसटी स्टँडवर जाऊन पाह्यलं."

सगळ्या गोतावळ्यात फोटो पाहायचा खरा प्रयत्न एकाच माणसाने केला होता, आणि त्यालाच मी ग्रुपवर दोषी ठरवलं होतं. मी म्हणालो, "भाऊजी, चूक माझी. तुमच्या मोबाइलला काही झालेलं नाही."

"हे ग्रुपवर लिहा," भाऊजी म्हणाले. मी तिथेच बसून लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि मग चहा मागवला.

चहा पिता पिता मी बायकोला फोन केला. बाहेरच्या जगाला आपला पत्ता कोणता दिसतो हे सांगणारी एक साइट असते, ती तिला उघडायला लावली. तिने आकडे वाचले. राउटरवरचे आकडे माझ्या वहीत होते. दोन्हींचा काही संबंध नव्हता.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर मी इंटरनेटवाल्यांच्या ऑफिसात गेलो. टेबलावरचा माणूस म्हणाला, "सर, नेट चालून राह्यलं ना? मंग तक्रार कायची?"

"बाहेरून आत येता येत नाही."

"बाहेरून आत कोनाले याचं हाय?"

"माझ्या भाऊजींना."

त्याने आतून तंत्रज्ञाला बोलावलं. तो समजूतदार निघाला. "सर, तुमच्या भागातली सारी घरं बाहेर एकाच पत्त्यानं दिसतात. तुमच्या राउटरवर जो आकडा हाय, तो आमच्या आतला. बाहेरचा मानूस आमच्यापर्यंत येते, पन पुढं कोनाच्या घरी जायचं ते कोनालेच ठावं नाई."

"मग घरात त्याच आकड्याने फोटो कसे उघडतात?"

"घरातून घराचाच पत्ता इचारला का राउटर बाहेर जातच नाई. आतल्या आत वळवून देते."

पूर्ण आंतरिक परावर्तन, म्हणजे प्रकाश बाहेर न पडता आतल्या आत वळणं, हा धडा मी दर वर्षी शिकवतो. पोरांना वाटतं ते घरात कुठे दिसत नाही. मलाही दिसलं नव्हतं.

स्वतंत्र पत्ता हवा तर अर्ज करा, असं त्यांनी सांगितलं. अर्जात कारणाचा रकाना होता. मी बराच विचार करून 'कौटुंबिक' असं लिहिलं. आठवडाभराने पत्ता मिळाला, मी राउटरमधले आकडे पुन्हा जुळवले आणि या वेळी ग्रुपवर न टाकता फक्त मेडशीला कळवला.

दहा मिनिटांत फोन आला. "उघडलं," भाऊजी म्हणाले. मग म्हणाले, "मास्तर, जेवनाच्या फोटोत माह्यं तोंड भरेल हाय. तेवढा काढून टाका."

मी काढला. तीन दिवस ते आणि बहीण सगळे फोटो पाहत होते. मुलीच्या पाठवणीच्या एका फोटोत भाऊजी गाडीच्या मागे उभे राहून उपरण्याने डोळे पुसताना दिसतात, तो बहिणीने शोधून काढला. तोही काढू काय, असं मी विचारलं. "राहू द्या," ते म्हणाले.

आता ते रोज सकाळी सर्व्हर उघडून पाहतात. आमच्या घरची लाइन गेली की मी वर्गात असतानाच खिशातला मोबाइल थरथरतो आणि मेडशीहून निरोप येतो, 'बंद आहे. वहिनीले पाहायले सांगा.'