माझ्या नावाने कोण आत येतंय?

बडे बाबू पासवर्ड टाकायच्या आधी समोरच्याला तोंड फिरवायला लावत. मग समोर शिपाई असो, सर्जन असो की खुद्द संचालक. "साहब, जरा उधर देखिए," असं म्हणायचे आणि साहेब निमूटपणे खिडकीतून सिटी सेंटरच्या चौकाकडे बघत उभे राहायचे. मग बडे बाबू एका बोटाने, ओठ हलवत, एकेक अक्षर टाकत. तेवढ्यात साहेबांना फोन येई आणि ते कंटाळून निघून जात. बडे बाबूंना त्याचं काही वाटत नसे.

ते आमच्या हॉस्पिटलात रेकॉर्ड विभाग सांभाळत. खुर्चीमागच्या पाटीवर भलंमोठं इंग्रजी पद होतं, पण सगळ्यांच्या तोंडी 'बडे बाबू'च. वयाची साठी उलटल्यावर त्यांना दर मार्चमध्ये एकेक वर्षाची मुदतवाढ मिळे. राहायला हजीरा मोहल्ल्यात. घराणं चार पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून इकडे हिंदी मुलखात आलेलं, पण मराठी आमच्या सगळ्यांसारखीच, अर्ध्या वाटेत हिंदीच्या गल्लीत वळणारी. मी कॉम्प्युटर विभागात होते, माहेर किला गेटजवळचं. मी त्यांना काका म्हणायची, ते मला बेटा म्हणायचे.

तेव्हा हॉस्पिटलात नऊ प्रोग्राम होते आणि नऊ पासवर्ड. बाकीच्यांनी ते चिठ्ठ्यांवर लिहून स्क्रीनला चिकटवलेले असत. नर्सताई डॉक्टरांच्या नावाने आत जात, डॉक्टर नर्सताईंच्या. बडे बाबूंचे नऊच्या नऊ डोक्यात होते. एकदा मी म्हटलं, "काका, विसरलात तर? कुठेतरी लिहून ठेवा." ते म्हणाले, "लिहिलं की दुसऱ्याचं झालं, बेटा. विसरलो तर तुझ्याकडे येईन. शरम कसली?"

मग एके वर्षी वरून ठरलं की नऊ दारं बंद, एकच दार. एकदा आत गेलात की सगळे प्रोग्राम आपोआप उघडणार, आणि आत जाताना तुमच्या फोनवर विचारलं जाणार, 'तुम्हीच आहात ना?' ते दोनशे लोकांना शिकवायचं काम माझ्या गळ्यात आलं. दोन महिने मी वॉर्डावॉर्डांतून तेच तेच बोलत फिरले. ऐकून कोणी जांभया देई, कोणी भांडे. "मग माझं काम दुसरा कसं करणार?" हा सगळ्यांचा एकच सवाल. घरी पोचले की मला नवऱ्याशी बोलायचंही त्राण उरत नसे.

बडे बाबूंनी मात्र पूर्ण ऐकून घेतलं. विचारलं, "म्हणजे माझा फोन माझ्या खिशात आहे तोवर माझ्या नावाने कोणी आत जाणार नाही?"

"नाही, काका."

"मग हे पंधरा साल पहिले यायला हवं होतं."

हळूहळू त्यांनी सांगितलं. आधी ते दुसऱ्या एका हॉस्पिटलात होते. तिथे कोणीतरी त्यांच्या नावाने आत जाऊन एका पेशंटच्या कागदावरची औषधाची नोंद बदलली. खुलासा यांनाच द्यावा लागला. पेशंटची बायको रोज येऊन यांच्या टेबलासमोर बसायची आणि एवढंच विचारायची, "बाबूजी, आपने क्यों बदला?" ते म्हणाले, "काय सांगणार? नाव माझं होतं. कोणी केलं ते आजतक मालूम नाही."

पुढच्या हिवाळ्यात काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून बडे बाबूंनी चार दिवस रजा घेतली. दुसऱ्याच दिवशी दुपारी आमचे मॅनेजर माझ्या मागे येऊन उभे राहिले. भिंडकडच्या एक म्हाताऱ्या बाई आमच्याकडे वारल्या होत्या. त्यांचा मुलगा फाइलची प्रत मागत होता आणि नियमाप्रमाणे ती त्याला दुसऱ्या दिवशी द्यायची होती. मॅनेजर म्हणाले, "बडे बाबू का पासवर्ड रीसेट कर दो. एक एंट्री ठीक करनी है." बंद झालेल्या फाइलमधली नोंद फक्त बडे बाबूंच्या नावानेच दुरुस्त होत असे.

कोणती नोंद, कशासाठी, हे मी विचारलं नाही. सकाळपासून अठ्ठावीस तक्रारी निपटल्या होत्या, जेवले नव्हते. ही एकोणतिसावी. मी रीसेट केलं, नवा पासवर्ड टाकला आणि त्यांच्या नावाने आत जायला बटण दाबलं. स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं. मग आलं, 'परवानगी नाकारली'. आणि माझा फोन वाजला.

"बेटा," बडे बाबू हळू आवाजात म्हणाले. काकू शेजारी झोपल्या असाव्यात. "माझ्या नावाने कोणीतरी आत येतंय. मी 'हो' नाही दाबलं. तू जरा बघ, कोण आहे."

मॅनेजर मागेच उभे होते. मी म्हटलं, "काका, मीच आहे."

ते म्हणाले, "मला विचारायचं होतंस." आणि मग, "थांब, येतो."

काकूंना शेजारणीकडे सोपवून ते सवारी टेंपोने आले. मी त्यांना नवा पासवर्ड करून दिला. त्यांनी ती फाइल उघडली. वॉर्डातून डॉक्टरांना बोलावणं गेलं होतं दोन वाजून दहा मिनिटांनी, डॉक्टर पोचले होते तीन चाळीसला. मॅनेजरना तीन चाळीसचे दोन तीस करून हवे होते. बडे बाबू चष्मा पुसत म्हणाले, "साहब, ये नहीं होगा." मॅनेजर खूप बोलले. हॉस्पिटलची इज्जत, डॉक्टरांचं करिअर, मार्च महिना. बडे बाबूंनी सगळं ऐकून घेतलं, होती तशी फाइल छापली, पानापानावर सही केली आणि मुलाला फोन करून त्याच संध्याकाळी बोलावलं. तो मफलर गुंडाळलेला, दमलेला माणूस होता. 'धन्यवाद बाबूजी' म्हणून प्रत घेऊन गेला. त्याला काहीच माहीत नव्हतं.

मार्चमध्ये मुदतवाढीचं पत्र आलं नाही. ते चौकशीला गेले तेव्हा कोणी धड बोललंही नाही.

शेवटच्या दिवशी त्यांचं खातं बंद करायचं काम माझ्याकडेच आलं. एकच दार असल्यामुळे ते सोपं होतं. एक खूण काढली की हजेरी, मेल, रेकॉर्ड, कँटीनचं कूपन, सगळं एकदम बंद. ते माझ्या टेबलाशी येऊन बसले होते. मधले तीन महिने मी त्यांच्या नजरेला नजर देत नव्हते. आता म्हटलं, "काका, त्या दिवशी मी..."

"त्या दिवशी तू फोन उचललास," ते म्हणाले. "बोलू शकली असतीस, सिस्टीममध्ये गडबड आहे, काका, तुम्ही दाबून टाका. मी दाबलं असतं. मला त्यातलं काय समजतं?" मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "कर बंद. काकूला ड्रॉप घालायचे आहेत."

ते निवृत्त झाले त्याला आता दोन वर्षं होतील. भिंडच्या त्या मुलाचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. मॅनेजर बदलले, टेबल तेच आहे, तक्रारीही त्याच. अजूनही अधूनमधून कोणीतरी मागे येऊन उभं राहतं आणि रजेवरच्या कोणाचा तरी पासवर्ड रीसेट करायला सांगतं. मी आधी रजेवरच्या माणसाला फोन लावून विचारते. मागचा माणूस चुळबुळत राहतो. गेल्या आठवड्यात एक्स-रेची मुलगी झाशीला बहिणीच्या लग्नात होती. मागे बँड वाजत होता, तिला काही ऐकू येईना. तीनदा विचारल्यावर ती वैतागून म्हणाली, "दीदी, बस इतना पूछने के लिए फोन किया?"

मी म्हटलं, "हाँ, बस इतना ही."