बुडापासून दोन बोटं

काल्हेरला एका गोदामाच्या ऑफिसपुढे लॉन होतं. नव्वद सालानंतर नवऱ्याचा लूम, म्हणजे कापडाचा यंत्रमाग, बंद पडला, तेव्हा ते कापायचं काम मी धरलं. घर माझ्याच पगारावर आलं होतं.

गवत कापायला मला कुणी शिकवायची गरज नाही, हा माझा तोरा. अंबाडीजवळच्या आमच्या गावात दिवाळीनंतर माळावरचं गवत कापून तबेल्यांना जायचं. आईचा विळा जमिनीला घासून चालायचा. माझ्या मागे बोटभर जरी राहिलं तरी ती ओरडायची, "ह्यो खुंट कोनासाठी ठेवलास गं?"

म्हणून ढकलायच्या मशीनचं पातं मी पार खाली उतरवलं. लॉन गुळगुळीत झालं, मी खूश! आठवड्यात सगळं पिवळं. पाणी दिलं, खत दिलं, ढिम्म. मॅनेजर म्हणाले, "बाई, महिन्यात हिरवं झालं नाही तर मी दुसरा माणूस बघतो."

पण काम जायच्या भीतीपेक्षा जास्त छळत होता तो एक प्रश्न. माळावरचं गवत दरसाल इतकंच खाली कापतो, ते पुन्हा येतं. मग हेच का रुसलं?

फाटकाच्या खांबाशी मशीन पोचत नसे. तिथलं गवत मात्र हिरवंगार. मी तिथंच बसकण मारली आणि एक काडी उपटून पाहिली. वर हिरवं पान, खाली पांढरट देठ. बाकीच्या लॉनमध्ये पानं मी छाटून टाकली होती, नुसते देठ उरले होते. माळावरचं गवत बी धरून, वाळून, वर्षाचं काम उरकल्यावर आम्ही कापायचो. इथं मी भर वाढीत त्याला तासत होते.

पात्याला धार लावून घेतली, ते दोन बोटं वर उचललं. मग फक्त शेंडे कापायचे, पण वरचेवर. महिना भरायच्या आत लॉन हिरवं झालं. दुसरा माणूस काही आला नाही.

दिवाळीत आई लॉन बघायला आली. "निम्मं तर ठेवलंस की!" म्हणाली. आता ओरडणार, म्हणून मी घाईघाईने काडी उपटून तिला सगळं सांगितलं. ती खाली बसली, गवतावरून बराच वेळ हात फिरवत राहिली.

"जल्मभर कापलं," ती म्हणाली, "पन त्याला काय लागतं, ते कधी बघितलंच न्हाय."