आमच्या टेबलावरचं लाल बटण

कंपनीत स्क्रॅप कुणी मुद्दाम साठवत नाही. आज एक वाकडा ब्रॅकेट, उद्या दोन, आणि एके दिवशी बघावं तर शेडमागं ढीग! आमच्या खेळाचे किस्से असेच साठलेत. फरक एवढाच की यातला एकही मी भंगारात घालणार नाही.

आधी ओळख. मी प्रज्ञा. रांजणगावात क्वालिटीला आहे, राहते शिरूरला. सुट्टीच्या दिवशी आम्ही टेबलाभोवती बसून रोल-प्लेइंग गेम खेळतो. म्हणजे गोष्ट मी सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि काम होतंय का फसतंय ते फाशांवर ठरायचं. खेळायला माझ्याच लाइनवरचा संतोष, दौंडहून येणारा विशाल, तो कुरकुंभच्या केमिकल प्लांटमध्ये आहे, आणि सणसवाडीत खोली घेऊन राहणारा बिहारचा मुकेश.

हे सगळं मी जमवलं ते एका गोष्टीसाठी. माझी आई लहानपणी हंडा घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची. कुणाच्या मनात आलं तर वरून पाणी वाढणार, नाहीतर उभीच. ते मला एकदा खेळात आणायचं होतं. त्यावर कुणी हसायला नको आणि कुणी 'अरेरे' करायलाही नको. असं टेबल तयार व्हायला वेळ लागतो हो! आईची गोष्ट आहे हे मी कुणाला बोलले नव्हते.

* * *

आम्ही खेळतो ती खोली आप्पांची. आप्पा म्हणजे बागायतदार माणूस, खाली खत-बियाण्यांचं दुकान, गावच्या राजकारणात मुरलेले. एकदा फाशांचा खडखडाट ऐकून धाडकन वर आले.

"जुगार चाललाय व्हय माझ्या खोलीत?"

"नाही आप्पा, पैसे लावत नाही आम्ही," मी म्हटलं.

"मंग हारल्यावर जातं काय?"

"जीव."

"कुणाचा?"

विशालनं हात वर केला. "माझा गेला आत्ताच. दरीत पडलो."

आप्पांनी त्याला खालीवर बघितलं, खुर्ची ओढली आणि बसले. "मंग ह्याचं दहावं कवा हाय?"

त्या दिवसापासून आप्पा आमच्यात!

* * *

आता बटण. गोष्टीत मी एका किमयागाराचं तळघर आणलं होतं. हंडी फुटते, पिवळा धूर सुटतो, जिना दिसेनासा होतो... मी अगदी रंगात आले होते. विशालनं हातातले फासे खाली ठेवले.

"ताई, लाइन थांबवा."

हे वाक्य आम्ही सगळे कामावर ऐकतो. ऐकलं की हात आपोआप थांबतात. तसे थांबले. त्याच्या प्लांटमध्ये कधी काय झालं होतं, मला माहीत नाही. त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. मुकेश गुपचूप चहा सांगून आला.

पुढच्या सुट्टीला संतोषनं पिशवीतून एक इमर्जन्सी स्टॉप काढून टेबलावर ठेवला. जुन्या मशिनचं लाल, मोठ्या टोपीचं बटण. "स्क्रॅपमधलंय. गेटपास करून आणलंय," हे त्यानं तीनदा सांगितलं. नियम तिथंच ठरला. ज्याला सोसेना त्यानं दाबायचं. दाबलं की तो प्रसंग तिथंच संपला, आणि का दाबलं ते कुणी विचारायचं नाही.

मला त्या पोरांचा इतका अभिमान वाटला की घरी जाताना गाडीवर एकटीच हसत होते.

* * *

नियम पहिल्यांदा मोडला तो बटण आणणाऱ्यानंच! गोष्टीतल्या जत्रेत एक लहान पोर हरवलं. मुकेशनं बटण दाबलं. संतोष पडला क्वालिटीचा माणूस. लाइन थांबली की 'व्हाय? व्हाय?' करत कारणाच्या मुळाशी गेल्याशिवाय त्याला घास उतरत नाही.

"का दाबलं?"

"अच्छा नहीं लगा."

"का नाही लगा?"

"घर की याद आयी."

"का आयी?"

मुकेशनं हात जोडले. "संतोषभाई, यह गेम है कि ऑडिट?"

आप्पांनी मार्कर मागवला आणि स्वतःच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं लिहिलं: 'येथे व्हाय-व्हाय करू नये.' दंड म्हणून महिनाभर भजी संतोषकडं लावली.

* * *

मग आम्ही पद्धतच पाडली. नवी गोष्ट सुरू करायच्या आधी प्रत्येकानं सांगायचं, काय आणायचंच नाही. मुकेश म्हणाला, "बच्चा नहीं मरेगा." विशाल म्हणाला, "धूर नको." संतोष नुसता फासे चाळवत बसला. आम्ही सगळे गंभीर झालो. वाटलं, याच्याही मनात काहीतरी मोठं सलतंय.

"साप," तो म्हणाला. "सापाचं नाव बी काढायचं न्हाई."

आता हा गडी गोष्टीत राक्षसांची मुंडकी उडवतो! पण नियम तो नियम. त्या राज्यात आम्ही एक साप ठेवला नाही. परिणाम काय, तर उंदीर बेसुमार झाले, आणि पुढच्या चार गोष्टी त्यांच्यावरच निघाल्या.

आप्पांना विचारलं तर छाती पुढं. "माझं काय न्हाई. मी गावकी केलीय. मला काय बी चालतंय."

* * *

एकदा पुण्याहून संतोषचा मित्र आला. बरंच खेळलेला, असं त्याचंच म्हणणं. आमचे नियम ऐकून म्हणाला, "धूर नाही, साप नाही, लहान मूल मरत नाही. मग डार्क काय राहिलं? बालवाडी आहे का ही?"

मी म्हटलं, बसा तर खरं.

त्याला मी शिपाई केलं. गोष्टीतल्या सकाळी एका गावात त्याला एका म्हातारीनं भाकरी वाढली, वरून लोणचं दिलं, नाव विचारलं. दुपारी सरदाराचा हुकूम आला, त्याच गावाची धान्याची कोठारं पेटवायची. न पेटवावीत तर त्याच्या सोबत्याचं डोकं जाणार. मी आवाजसुद्धा चढवला नाही. म्हातारी दारात येऊन विचारते, "बाळा, परत आलास? भूक लागली का?" बस, एवढंच.

पाहुण्याच्या मुठीत फासे. टाकेना. मग त्यानं बटण दाबलं.

जाताना जिन्यात हळूच विचारत होता, असलं बटण मिळतं कुठं?

"गेटपास लागतो!" संतोष म्हणाला.

* * *

त्यानंतर मला धीर आला. म्हटलं, आता विहीर काढायची.

गाव मांडलं, विहीर मांडली. पाटील कोण होणार म्हटल्यावर आप्पा लगेच, "ते मला जमतंय की!" सगळे हसले. मग मी सांगितलं, विहिरीपासून लांब एक बाई उभी आहे. काखेत घागर. पुढं यायची तिला परवानगी नाही. आणि बाईच्या आवाजात म्हटलं, "पाटील, तेवढं पाणी वाढा."

आप्पा पाटलाच्या ऐटीत सरसावून बसले होते. आणि सगळं चालतंय म्हणणाऱ्या माणसानं हात लांब करून बटण दाबलं.

मी थांबले. थांबावंच लागलं, नियम आम्हीच केलेला. पण आतून नुसती पेटले होते! जी गोष्ट माझ्या आईला कधीच थांबवता आली नाही, ती यांनी एका बोटानं थांबवावी? आणि मी का म्हणून विचारायचंसुद्धा नाही? विशालनं माझ्याकडं बघितलं, मी 'काही नाही' अशी मान हलवली. विहीर सोडून गोष्ट पुढं नेली. त्या दिवशी चहासुद्धा न घेता निघाले. टेबल मोडून टाकावं असं मनात येत होतं.

पुढच्या सुट्टीला आप्पा आमच्या आधी येऊन बसलेले.

"प्रज्ञाताई, ती विहीर परत काढा. पर पाटील मी व्हणार न्हाई. ती बाई मला द्या."

आईची जागा यांना द्यायची? शेवटी म्हटलं, "घ्या." पाटील मीच झाले. म्हटलं, "थांब तिथंच. येईल कुणीतरी, मग वाढंल."

खेळ सुरू झाला. संतोष, विशाल, मुकेश गावातून घोडे दामटत गेले, उंदरांच्या राजाला गाठलं, पूल मोडला, खजिना लुटला. नुसता गदारोळ! आप्पांनी फाशांना हात लावला नाही. चहा आला, त्यांच्या कपावर साय धरली. मला वाटलं, अंग काढून घेतलं यांनी. परत राग आला.

संध्याकाळी सगळे फासे गोळा करायला लागले, तेव्हा मी जरा तुटकच बोलले.

"आप्पा, तुमचा डाव तसाच राहिला. भांडायचं होतं, घागर टाकून निघून जायचं होतं. काहीच केलं नाहीत?"

आप्पांनी मान वर केली नाही.

"उभी हाय की मी. आजून कुणी पाणी वाढलं न्हाई."